गाडी ओ देते

आमच्या घरात ‘अहो’ अशी हाक आली की दोघं ओ देतात. एक मी आणि दुसरी गाडी. त्यातही गाडी आधी देते. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, ‘काय गं?’ म्हणेपर्यंत तिचं ‘बोला, मी ऐकते आहे’ म्हणून झालेलं असतं. मी ऐकतो आहे, हे वाक्य माझ्या तोंडून सगळ्या संसारात एकदाही ऐकलं नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. मी ते म्हटलेलं आहे. फक्त माझ्याकडे पुरावा नाही.

पुढचं सांगण्याआधी माझ्या नोकरीबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण माझी सगळी अब्रू तिथेच गुंतलेली आहे. मी सरकारी लिफ्ट तपासनीस आहे. इमारतीत जायचं, लिफ्टमध्ये शिरायचं आणि बटणं दाबायची, हे माझं काम. लोकांना ते फार सोपं वाटतं. लग्नाकार्यात कुणी ‘आपण काय करता?’ विचारलं आणि मी सांगितलं, की समोरचा माणूस ‘वा, वा’ म्हणत दुसरीकडे बघायला लागतो. पण बटण ही गंभीर गोष्ट आहे. दाबलं की ते आत गेलं पाहिजे, टक् असा आवाज आला पाहिजे, आणि बोट उचललं की बाहेर आलं पाहिजे. धोक्याचं बटण तर असं हवं, की दिवे गेले, माणूस गांगरला, चष्मा पडला, तरी ते हाताला सापडलं पाहिजे. ज्या लिफ्टमध्ये ते सापडलं नाही ती मी जागच्या जागी बंद केली आहे, मग मालक कितीही मोठा असो. आणि असल्या माणसाच्या वाट्याला बटणं नसलेली गाडी यावी, याला काय म्हणायचं!

जुन्या गाडीत तीन नॉब होते. एक पंख्याचा, एक गारव्याचा, एक रेडिओचा. मधल्याची टोपी केव्हाच निघून गेली होती, तिथे बायकोनं औषधाच्या बाटलीचं झाकण बसवलं होतं आणि ते अगदी घट्ट बसलं होतं. डोळे रस्त्यावर ठेवून हात पुढे केला की झाकण लागायचं. झाकण लागलं की आपण कुठे आहोत ते कळायचं. पण त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, मेकॅनिकनं हात जोडले आणि त्याच आठवड्यात परगावी असलेल्या मुलाचा फोन आला.

“बाबा, आता दुरुस्ती नको. नवीन घ्या. नव्या गाडीत सगळं स्क्रीनवर असतं.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं.”

मला तेव्हाच संशय यायला हवा होता. ज्या माणसाला ‘सगळं’ म्हणजे काय ते सांगता येत नाही, त्यानं ते वापरलेलं नसतं. पण मुलगा कॉम्प्युटरवाला, आम्ही बटणवाले. आम्ही हो म्हटलं.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शोरूमच्या बाईंनी बायकोला चालकाच्या जागी बसवलं, कारण मी तेव्हा डाव्या बाजूला, पुढचा कप्पा उघडायची कडी शोधण्यात गुंतलो होतो. कडी नव्हती. कप्पा होता, त्याची फट दिसत होती, पण नख घालायलाही जागा नव्हती. शेवटी कळलं की तो स्क्रीनवरून उघडतो. आधी ‘गाडी’, मग ‘आतील भाग’, मग ‘साठवण’, मग ‘कप्पा’, मग ‘उघडा’, आणि त्यानंतर ‘तुमची खात्री आहे?’ आमच्या खात्यात फाईल एवढी फिरत नाही. मी गुडघ्यावर बसून त्या फटीकडे बघत होतो आणि वर बायकोपाशी शोरूमच्या बाई म्हणत होत्या, “मॅडम, आता गाडीला ज्या नावानं हाक मारायची ते तीनदा स्पष्ट बोला हं.”

बाईंनी स्क्रीनला बोट लावलं. बायको बिचारी विचारात पडली. असल्या प्रसंगी ती जे करते तेच तिनं केलं. ती माझ्याकडे वळली.

“अहो, काय ठेवायचं हो नाव?”

मी फटीत होतो.

“अहो!”

फटीत काहीतरी चमकल्यासारखं वाटलं म्हणून मी आणखी वाकलो.

“अहोऽऽ!”

“धन्यवाद,” गाडी म्हणाली. “तुमचा आवाज ओळखीचा झाला आहे. यापुढे मला ‘अहो’ म्हणा.”

शोरूममधले सगळे हसले. बायकोही हसली. मीही हसलो, कारण तेव्हा ते विनोदी वाटलं होतं. “बदलता येतं नंतर,” बाई म्हणाल्या आणि आमचा फोटो काढला. त्या फोटोत मी गुडघे झटकताना दिसतो.

बायकोच्या आवाजावर नोंद झाल्यामुळे ‘मुख्य चालक’ ती झाली. मी बसलो की गाडी म्हणायची, “स्वागत आहे, पाहुणे.” स्वतःच्या गाडीत पाहुणा व्हायला माणसाला काय वाटतं ते पाहुण्यालाच ठाऊक. शिवाय पाहुण्याला आवाजानं काही सांगायची सोय नव्हती. पाहुण्यानं बोट वापरायचं.

आणि बोटाचं असं होतं की रस्त्यानं खड्डा दिला की ते एक घर खाली सरकायचं. मी रेडिओ बारीक करायला जायचो आणि बसायची जागा तापायला लागायची. ती थंड करायला जायचो, तर पडद्यावर जवळच्या पेट्रोलपंपांचा नकाशा यायचा. तो घालवायला कोपऱ्यातली फुली दाबली की ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं म्हणून पाच तारे यायचे. एवढं होईपर्यंत समोरचा ट्रक थांबलेला असायचा. ऐन उन्हाळ्यात मी ऑफिसात असा पोचायचो की पाठीमागून घामाचा नकाशा दिसायचा. साहेबांनी एकदा आपुलकीनं विचारलं, “बरं नाही का?” मी म्हटलं, “गाडी नवी आहे.”

शोरूमच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, स्क्रीनला हात कशाला लावता? मॅडमना सांगा ना. त्या नुसत्या बोलल्या की सगळं होईल.”

तसं ते व्हायला लागलं, ही खरी अडचण.

बायको माझ्या शेजारी बसली की जे बोलते ते ‘अहो’नं सुरू होतं. “अहो, जरा हळू,” ती म्हणाली की रेडिओ हळू व्हायचा आणि गाडी होती त्याच वेगानं धावत राहायची. “अहो, तुमच्या बाजूचं दार नीट लावा,” म्हटलं की मागची डिकी उघडायची, कारण लावणे म्हणजे चालू करणे एवढंच गाडीला शिकवलेलं. मग मी उतरून डिकी बंद करून यायचो. एकदा रस्ता कुणी चुकवला यावरून आमची बोलाचाली झाली आणि बायको वैतागून म्हणाली, “अहो, डोकं खाऊ नका माझं!” गाडीनं लगेच सांगितलं, “जवळपास चार उपाहारगृहं उघडी आहेत.” त्यातल्या एकात जाऊन आम्ही गप्प बसून कॉफी प्यायलो. भांडण अर्धवट राहिलं ते राहिलंच.

बरं, हे गाडीपुरतंही राहिलं नाही. या गाडीला किल्ली नाही. बायकोचा फोन हीच किल्ली, पाहुण्याला नुसतं एक प्लॅस्टिकचं कार्ड, आणि फोनात गाडीचे कान. बायको स्वयंपाकघरातून “अहो, चहा झालाय” म्हणाली की डब्यांच्या रांगेतून आवाज यायचा, “बोला, मी ऐकते आहे.” सकाळी ती मला उठवायला यायची. “अहो, उठा आता.” मी कूस बदलायचो. खाली पार्किंगमध्ये गाडी उठायची. दिवे लागायचे, आरसे उघडायचे, पंखा सुरू व्हायचा. वॉचमननं पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तो काठी टाकून जिन्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा त्यानं सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. सेक्रेटरींनी मला बोलावून विचारलं, “तुमची गाडी तुमच्याआधी का उठते?” यावर सभ्य माणसानं काय उत्तर द्यावं?

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. जगातल्या कुठल्याही दुखण्यावर, मग तो पंखा असो की गुडघा, ते ‘अपडेट मारा’ एवढंच सांगतात, म्हणून आम्ही त्यांना घरात ‘अपडेट’ म्हणतो. अपडेट जिन्यात भेटले.

“अपडेट मारलंत का?”

“हाक बदलायची आहे हो.”

“तेच ते. आधी रीसेट, मग अपडेट. दोन बटणं एकदम दाबून धरायची.”

“बटणं नाहीत.”

अपडेट पहिल्यांदाच अडले. पण ते बँकेतले, हार मानणारे नव्हेत. ते स्वतः गाडीत येऊन बसले (“स्वागत आहे, पाहुणे”), आणि चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी पडद्याला जिथे जिथे लावता येईल तिथे बोट लावलं. पडदा विझला, पुन्हा पेटला. मी साठवून ठेवलेली रेडिओ स्टेशनं गेली. सासुरवाडीचा पत्ता गेला. आरसे मुळापासून वाकडे झाले. सगळी अक्षरं कुठल्यातरी भाषेत गेली, जिच्यात प्रत्येक अक्षराला शेपूट होती. वर बाल्कनीतून बायकोनं विचारलं, “अहो, झालं का?”

“बोला, मी ऐकते आहे,” गाडी म्हणाली. मराठीत. सगळं विसरली होती, तेवढं सोडून.

“मूळ स्वभाव आहे,” अपडेट म्हणाले आणि त्यांना एकाएकी घरातलं काम आठवलं.

मग मी रजा टाकून सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे बसायला मऊ सोफे होते आणि कॉफीचं यंत्र होतं. त्यालाही बटणं नव्हती. मी दोनदा बोट लावलं आणि दोनदा गरम पाणी मिळालं. तेच पीत मी बसलो. नंबर आल्यावर एका टायवाल्या सल्लागारानं हसून कॉम्प्युटर पुढे ओढला.

“तक्रारीचा प्रकार काय सर?”

“माझ्या बायकोनं मला हाक मारली की गाडी ओ देते.”

त्यानं यादी खाली सरकवली, वर सरकवली. “आवाज येत नाही, असा प्रकार आहे. आवाज फार येतो, असा आहे. दोन्हीत बसत नाही ना हे?”

“नाही.”

“मग ‘इतर’ टाकतो. मॅडम कुठे आहेत?”

“घरी. मालक मी आहे. कागदावर सही माझी आहे.”

“सही तुमची आहे सर,” तो फार मऊपणानं म्हणाला, “पण आवाज त्यांचा आहे.”

आमच्या संसाराचं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं. मी उरलेलं गरम पाणी पिऊन घरी आलो.

पुढच्या खेपेला बायकोला घेऊन गेलो. सल्लागारानं तिला गाडीत बसवलं आणि नवी हाक सांगायला सांगितली. बायको म्हणाली, “गाडी.” पडद्यावर आलं : हा शब्द नेहमीच्या बोलण्यात फार वेळा येतो, कृपया दुसरा निवडा. बायको म्हणाली, “बाई.” पुन्हा तेच. “अगं” म्हटलं, तर पुन्हा तेच. म्हणजे मी बायकोला मारतो ती हाक त्यांनी जपून ठेवली होती. माझं डोकं फिरलं.

“आणि ‘अहो’ काय कमी वेळा येतो का? आमच्याकडे तो सकाळपासून येतो!”

सल्लागारानं पडद्यात वाकून पाहिलं. “सर, सिस्टमला ‘अहो’ हा शब्द माहीतच नाही. तिच्या दृष्टीनं तो कुठल्याच भाषेत नाही. त्यामुळे तो एकदम सुरक्षित आहे. असा शब्द ग्राहकाला सहसा सुचत नाही.” त्याच्या आवाजात थोडं कौतुकच होतं. बाकी, एकदा नोंदलेली सुरक्षित हाक काढून टाकायला वरून परवानगी लागते, आणि वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. त्यानं एक हेल्पलाइन दिली.

हेल्पलाइन लावली. पलीकडून आवाज आला, “बोला, मी ऐकते आहे.” तीच. मी फोन कानापासून दूर धरून पाहिला. मग मनाचा हिय्या करून सुरुवात केली. “हे पहा, माझ्या बायकोला–”

“क्षमस्व. ‘बायको’ हा सुटा भाग सध्या उपलब्ध नाही.”

मी फोन ठेवून दिला. माणूस भांडतो, धावपळ करतो, रजा खर्ची घालतो, ते समोर कुणीतरी आहे असं वाटतं म्हणून. इथे कुणी नव्हतंच. एक गोड आवाज होता, आणि तो सगळीकडे तोच होता.

शेवटी उपाय बायकोनं काढला. ती म्हणाली, “जाऊ दे. मीच अहो म्हणायचं सोडते.”

ती हे सहज म्हणाली. मीही सहज ‘बरं’ म्हणालो. गाडी ऐकायची थांबत नाही तर आपण बोलायचं थांबावं, यात तर्काला धरून सगळं होतं. आपण काय देऊन बसलो ते मला तेव्हा कळलं नाही.

पण मग मला हाक कशी मारायची? नावानं मारणं तिला जमेना. एवढ्या वर्षांनी जीभच वळत नाही, म्हणाली. पहिले काही दिवस ती “ऐकलंत का” म्हणायची. मग नुसतं खाकरायला लागली. मग ओट्यावर चमचा वाजवायची. एकदा चहा, दोनदा जेवण, सलग वाजला तर कुणीतरी दारात आलंय. मी उठून जायचो. सगळं व्यवस्थित चालायचं, काही अडत नव्हतं. फक्त बोलणं कमी झालं. तिच्या बोलण्याला ‘अहो’ची पायरी होती, ती काढल्यावर पुढची वाक्यंच येईनात. अहो, ती अमकी भेटली होती. अहो, तुम्हाला आठवतं का. अहो, उगाच आपलं. ही सगळी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मुलगा परगावी, आईवडील गेलेले. मला हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते चमचा वाजवत होतं. मला वाईट वाटायचं. पण बायकोला जाऊन ‘मला अहो म्हण’ असं सांगायला माझी जीभ वळेना. तपासनीस असलो तरी काही गोष्टी दाबून बघता येत नाहीत.

आणि तिकडे गाडीची चंगळ होती. बायको एकटी बाहेर जायला निघाली की मी बाल्कनीतून ऐकायचो. “अहो, मागची काच पुसता का?” काच पुसली जायची. “अहो, थोडं गार करा. बास, बास.” आवाजात असा काही मऊपणा, की मी बाल्कनीच्या गजाला धरून उभा राहायचो. मागची काच मीही पुसली असती. मला कुणी सांगितलंच नाही. स्पष्टच सांगायचं तर मला हेवा वाटायचा. गाडीचा. ज्या माणसानं नावाजलेल्या बिल्डरांच्या लिफ्टा बंद पाडल्या, तो माणूस दुपारी बाल्कनीत उभा राहून एका पडद्याचा हेवा करायचा.

अशात बायकोच्या धाकट्या बहिणीकडे जायचं निघालं. ती डोंगरावरच्या गावात राहते. तिच्या पायाचं हाड मोडलं होतं, म्हणून भेटायला. गाडी बायको चालवत होती, कारण पाहुण्याच्या हातून पंख्याचा वेग कमी करताना मागच्या वेळी जागा तापली होती. मी शेजारी बसलो होतो. अपडेटांनी निघताना खिडकीत डोकं घालून विचारलं होतं, “अपडेट मारलंत ना?” आम्ही मारलं नव्हतं.

चढ सुरू झाला तसा पाऊस लागला. रस्ता अरुंद. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसरीकडे कठडा, मागे एक टँकर अगदी चिकटून. एका वळणावर मोठा खड्डा आला, गाडी आपटली आणि पडदा काळा झाला. मधोमध एक छोटं गोल चक्र फिरायला लागलं. खाली शब्द आले : कृपया थांबा. आणि पंखा बंद पडला.

थोड्याच वेळात पुढची काच आतून धुरकट व्हायला लागली. आधी कडा, मग मधला भाग. बाहेरचे वायपर जीव तोडून फिरत होते, पण धूसर झालं होतं ते आत. जुन्या गाडीत पहिला नॉब उजवीकडे फिरवला की झालं. इथे तो नॉब त्या काळ्या पडद्याच्या आत कुठेतरी होता.

“अहो!” बायको म्हणाली. “काच!”

मी शांत बसलो. ‘अहो’ म्हणजे गाडी, हे मी एवढ्या महिन्यांत नीट शिकलो होतो. मध्ये तोंड घालायचं नाही, हेही शिकलो होतो. गाडी काही बोलेना. चक्र फिरत होतं. मला वाटलं, विचार करत असेल.

“अहो, काच पुसा! दिसत नाहीये मला!”

मी पडद्याकडे बघितलं. खरं सांगतो, मला मनातून थोडा आनंदच झाला. म्हटलं, बघ आता, तुझे लाडके कसे गप्प बसलेत. मागून टँकरनं हॉर्न दिला. समोर राखाडी रंगाशिवाय काही नव्हतं.

“अहोऽऽ!”

काही नाही.

आणि मग तिनं माझं नाव घेतलं. पाळण्यातलं, पूर्ण, ‘राव’ नाही, ‘जी’ नाही, काही नाही. जोरात. आईवडील गेल्यापासून घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं. ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. मी दचकून मागच्या सीटवर बघितलं, तिथे कोण आहे ते. तिथे पिशवी होती.

“तुम्हाला म्हणतेय मी! तुम्हाला! पुसा ना काच!”

तेव्हा माझी ट्यूब पेटली. खिशातून रुमाल काढला आणि तिच्यासमोरची काच पुसायला लागलो. पुसलं की दिसायचं, श्वास घेतला की पुन्हा जायचं. माझ्या खिडकीची काच खाली करायचं बटण दारावर होतं, खरंखुरं, दाबलं की आत जाणारं. कंपनीकडून ते नजरचुकीनं राहून गेलं असावं. ते दाबलं. काच खाली गेली, पाऊस आत आला. मी एका हातानं रुमाल फिरवत, अर्धा बाहेर वाकून ओरडत होतो, “डावीकडे घे! आणखी! पुढे वळण आहे, हळू! सरळ सरळ सरळ!” आणि ती माझ्या शब्दावर गाडी घेत होती. पाहुणा म्हणाला डावीकडे, की डावीकडे. मला भीती वाटत होती, तरी आत कुठेतरी बऱ्याच दिवसांनी मी कामाला लागलो होतो.

पुढे रस्ता जरा रुंद झाला. तिथे तिनं गाडी कडेला घेतली. टँकर भोंगा वाजवत निघून गेला. तिनं ब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून बसली. माझा अर्धा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता, चष्म्यातून काही दिसत नव्हतं आणि रुमालाचं पोतेरं झालं होतं. पडद्यावर उजेड आला, पंखा घूं करून सुरू झाला, काच कडेपासून आपोआप निवळत गेली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पदरानं माझा चष्मा पुसून माझ्या नाकावर ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “दमलात का?”

“बोला, मी ऐकते आहे,” गाडी म्हणाली.

“तू गप्प बस गं. मी ह्यांच्याशी बोलतेय.”

गाडी जरा विचारात पडली. “क्षमस्व. ‘ह्यांच्याशी’ या नावाचं कुणी तुमच्या यादीत नाही.”

बायकोनं तिकडे लक्षच दिलं नाही. “अहो, सांगा ना. दमलात?”

“दमलोय गं,” मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर निम्मा शीण गेला.